लॅपटॉप ‘गेला’ म्हणण्याआधी

रविवारी रात्री साडेनऊनंतर होस्टेलच्या खोलीचं दार जोरात वाजलं, तर त्याचे दोनच अर्थ असतात. एक तर मेसमध्ये काहीतरी बिनसलंय, नाहीतर कोणाचा तरी लॅपटॉप गेलाय. मी इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझ्याकडे स्वतःचा मल्टिमीटर आहे. एवढ्याच भांडवलावर आमच्या मजल्यावर माझी ‘लॅपटॉपचा डॉक्टर’ अशी ख्याती झाली होती. ती ख्याती किती पोकळ होती, हे सांगण्यासाठीच हा लेख.

दारात तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा उभा होता. (नाव छापायचं नाही, या अटीवर त्याने लेखाला परवानगी दिली आहे.) काखेत लॅपटॉप, हातात गुंडाळलेला अडॅप्टर. लॅपटॉप साधारण दहा वर्षांपूर्वीचा, मामेभावाकडून नऊ हजारांना घेतलेला. त्याची बॅटरी केव्हाच संपली होती, त्यामुळे तो कायम अडॅप्टरवरच चालायचा.

‘‘दादा, ह्यो मेला वाटतं.’’

‘‘काय झालं?’’

‘‘काल रात्री चांगला बंद केला. सकाळपासून बटण दाबतोय तर काहीच नाही. दुकानात दाखवला, त्यांनी मीटर लावून बघितलं. अडॅप्टर चांगला आहे, मदरबोर्ड गेलाय म्हणाले. साडेसहा हजार सांगितलेत. गुरुवारी मिनी प्रोजेक्टचं सबमिशन आहे, सगळं ह्यातच आहे.’’

मित्रांनो, हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर कधी ना कधी येतो. तेव्हा काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे थांबायचं, हे त्या एका लॅपटॉपच्या निमित्ताने सांगतो. त्यात माझी चूकही आहे. ती लपवली तर लेखाला काही अर्थ राहणार नाही.

आधी डेटा, मग मशीन

पोराचा चेहरा बघून पहिलं काम ठरलं. लॅपटॉप चालू होवो न होवो, आतली फाईल आधी बाहेर काढायची. जुन्या लॅपटॉपचं एक सुख असतं. मागचे दोन-चार स्क्रू काढले की अडीच इंची हार्डडिस्क हातात येते. अडॅप्टर काढला, बॅटरी काढली, डिस्क बाहेर घेतली आणि यूएसबी केसमध्ये घालून माझ्या लॅपटॉपला जोडली. वीस मिनिटांत प्रोजेक्टचं फोल्डर पेन ड्राइव्हवर आलं.

हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. लॅपटॉपला वीज मिळत नाही, याचा अर्थ डिस्क गेली असा होत नाही. दुकानात देताना ‘फॉरमॅट मारा पण चालू करा’ असं घाबरून कधीही म्हणू नका. नवीन लॅपटॉपमध्ये मात्र दोन अडचणी येऊ शकतात. काहींचं स्टोरेज बोर्डवरच डिंक लावल्यासारखं सोल्डर केलेलं असतं, आणि काहींची डिस्क एन्क्रिप्ट असते. ती दुसरीकडे उघडायला रिकव्हरी की लागते. ती की आजच शोधून वहीत लिहून ठेवा.

फाईल मिळाल्यावर त्याच्या जिवात जीव आला. आता प्रश्न फक्त साडेसहा हजारांचा होता. अर्थात ‘फक्त’ हा शब्द माझा, त्याचा नाही.

‘चालू होत नाही’ म्हणजे नेमकं काय?

हे वाक्य प्रत्येक जण वेगळ्या अर्थाने म्हणतो. डॉक्टरकडे जाऊन ‘बरं वाटत नाही’ म्हणावं तसं. म्हणून आधी लक्षण नीट पकडायचं. ढोबळमानाने चार प्रकार आहेत.

१) बटण दाबलं तरी दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. पूर्ण शांतता.

२) दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी राहते.

३) चालू होतो आणि दोन-चार सेकंदांत बंद पडतो.

४) कंपनीचं चिन्ह दिसतं, पण विंडोज सुरू होत नाही.

चौथ्या प्रकारात वीज व्यवस्थित आहे, दोष डिस्कचा किंवा सॉफ्टवेअरचा असतो. दुसऱ्यात बहुधा रॅम, डिस्प्ले किंवा ग्राफिक्स. वीजपुरवठ्याचा संशय मुख्यतः पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात घ्यायचा. आमचा रुग्ण पहिल्या प्रकारातला, असं मी धरून चाललो. त्याने मध्येच सांगितलं, ‘‘दादा, बटण दाबलं की अडॅप्टरवरचा हिरवा दिवा जरा मिचकावतो.’’ मी ‘बरं’ म्हणालो आणि विसरून गेलो. हे वाक्य तुम्ही मात्र विसरू नका, पुढे लागणार आहे.

कालव्याचा नकाशा

लॅपटॉपच्या आत वीज कशी फिरते हे समजायला आपल्या भागात पुस्तकाची गरज नाही. वीर धरणातून निघालेला नीरा डावा कालवा बारामतीवरून पुढे इंदापूर तालुक्यात जातो. कालव्यातून फाटा, फाट्यातून चारी, चारीतून पोटचारी आणि मग शेत. शेतात पाणी आलं नाही तर कोणी शेत खणत बसत नाही. बांधावरून उलट चालत जाऊन दारं बघत जातो, पाणी कुठपर्यंत आलंय ते शोधतो.

लॅपटॉपमध्येही असंच. भिंतीतला २३० व्होल्ट एसी अडॅप्टरमध्ये येतो. अडॅप्टर त्याचे १९ किंवा १९.५ व्होल्ट डीसी करतो. तिथून पिन, मग लॅपटॉपचा डीसी जॅक, मग बोर्डवरची मॉस्फेटची दारं. त्यापुढे ३.३ आणि ५ व्होल्टच्या दोन छोट्या लाइन बहुतेक बोर्डांवर लॅपटॉप बंद असतानाही जिवंत असतात. त्यांच्यावर एक छोटा कंट्रोलर जागा असतो. त्याला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात, आपण त्याला पाटकरी म्हणू.

आपण दाबतो ते पॉवर बटण स्वतः वीज सोडत नाही. ते फक्त पाटकऱ्याला आवाज देतं. मग पाटकरी एकेक दार ठरलेल्या क्रमाने उघडतो. रॅमची लाइन, चिपसेटची लाइन आणि शेवटी प्रोसेसरची, जी साधारण एक व्होल्टच्या आसपास असते. यातली एखादी लाइन बरोबर आली नाही की पाटकरी सगळी दारं पुन्हा बंद करतो. म्हणून एका ठिकाणी बिघाड झाला तरी आपल्याला बाहेरून सगळंच मेलेलं दिसतं.

रविवार रात्रीची तपासणी

त्या रात्री आम्ही उलट चालत गेलो. निदान मला तरी तसं वाटत होतं. प्रत्येक पायरी कारणासह देतो.

पहिली, सॉकेट. होस्टेलच्या एक्स्टेन्शन बोर्डवर एकाच वेळी इस्त्री, किटली आणि चार चार्जर असतात. त्याच पॉइंटला मोबाईल लावून बघितला, चार्ज होत होता. मग एक्स्टेन्शन काढून अडॅप्टर थेट भिंतीत लावला.

दुसरी, अडॅप्टर. लेबलवर १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, म्हणजे ६५ वॉट. मल्टिमीटर डीसीच्या २०० व्होल्टच्या रेंजवर ठेवला. २० च्या रेंजवर ठेवला तर २० व्होल्टचा अडॅप्टर रेंजबाहेर जाऊ शकतो. पिनच्या आत लाल, बाहेर काळा. बहुतेक अडॅप्टरमध्ये आतला भाग धन असतो, पण लेबलवरचं चिन्ह बघूनच खात्री करायची. मीटरवर आकडा आला १९.४. मी मान डोलावली. अडॅप्टर पास.

दुसरा अडॅप्टर लावून बघणं हा खरं तर सगळ्यात सोपा उपाय. पण अख्ख्या मजल्यावर त्या पिनचा अडॅप्टर कोणाकडे नव्हता. निम्म्यांचे आता टाइप-सी आहेत, बाकीच्यांची पिन जाड किंवा बारीक.

तिसरी, बॅटरी काढून नुसत्या अडॅप्टरवर चालवणं. लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२. जुन्या सहा सेलच्या बॅटरीत बहुधा तीन-तीनची मालिका असते, म्हणून तिच्यावर ११.१ व्होल्ट लिहिलेलं दिसतं. सेल फार खाली गेले की बॅटरीतलंच संरक्षण सर्किट तिला बंद करतं. बिघडलेली बॅटरी कधीकधी अख्ख्या लॅपटॉपला अडवून धरते. काढल्यावर चालू झाला तर दोषी सापडला. आमचा झाला नाही.

चौथी, साठलेला चार्ज काढणं. अडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढून पॉवर बटण तीस सेकंद दाबून धरायचं. कधी कधी पाटकरी विचित्र अवस्थेत अडकतो. कपॅसिटरमधला उरलेला चार्ज निघून गेला की तो नव्याने जागा होतो. हा उपाय फुकट आहे आणि बऱ्याचदा लागू पडतो. आमच्याकडे पडला नाही.

पाचवी, रॅम. वीज काढलेली असताना रॅमच्या पट्ट्या काढल्या. सोनेरी संपर्क कोरड्या स्वच्छ कापडाने पुसले, एकेक पट्टी एकेका खाचेत लावून बघितली. त्याआधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. फरक शून्य.

सहावी, बाहेरचं सगळं काढणं. माउसचा डोंगल, पेन ड्राइव्ह, डीव्हीडी ड्राइव्ह. शॉर्ट झालेलं एखादं यूएसबी उपकरणही लॅपटॉप अडवू शकतं. तरीही शांतता.

रात्रीचा एक वाजला होता. मी डॉक्टरी थाटात निकाल दिला, ‘‘दुकानवाल्याचं बरोबर दिसतंय रे. बोर्डच गेलाय.’’

मामांचा प्रश्न

सोमवारी सकाळी त्याने घरी फोन केला. घर इंदापूर तालुक्यात, दोन एकर ऊस, कालव्याच्या अगदी शेवटाला. उसाचे पैसे यायला अवकाश होता. दुपारी मेसमध्ये भेटला तेव्हा त्याने सहज आवाजात सांगितलं की घरच्या दोन शेळ्यांपैकी एक येत्या बाजारात विकायचं ठरलंय. आई थोडी नाराज आहे, कारण ती शेळी गाभण आहे.

माझा घास तोंडातच राहिला. दुकानदाराने काय सांगितलं ते एक वेळ ठीक. पण त्याच्यावर शिक्का मी मारला होता. आणि तो शिक्का मारायला माझ्याकडे पुरावा काय होता? एवढाच, की बाकी काही सापडलं नाही. ‘सापडलं नाही’ आणि ‘बोर्ड गेला’ यांच्यात फार मोठं अंतर आहे.

दुपारी मशीन्स लॅबमध्ये प्रॅक्टिकल होतं. आमच्या लॅबचे मामा कनेक्शन तपासत होते. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, पण कॉलेजमध्ये त्यांना ओळखत नाही असा मुलगा सापडणार नाही. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली.

‘‘अडॅप्टर बघितला का?’’

‘‘बघितला की मामा. साडेएकोणीस दाखवतो.’’

‘‘रिकामा बघितला का लोड देऊन?’’

मी गप्प.

‘‘रिकाम्या बैलगाडीची चाकं सगळ्यांचीच फिरतात. ऊस भर आन् मग बोल.’’

चार वर्षं आम्ही ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट करतो, लोड टेस्ट करतो, व्होल्टेज रेग्युलेशनची गणितं परीक्षेत सोडवतो. नो-लोड आणि फुल-लोड हे शब्द तर आम्ही झोपेतही म्हणू. आणि स्वतःच्या हातात खरं यंत्र आलं तेव्हा मी नो-लोडचा आकडा बघून निकाल दिला होता.

दहा लाख पट

प्रॅक्टिकल संपल्यावर सरांची परवानगी घेऊन आम्ही अडॅप्टर टेबलावर मांडला. भंगारातल्या एका बोर्डवरून त्याच मापाचा डीसी जॅक काढला, त्याला दोन जाड वायरी लावल्या. मालिकेत फ्यूज आणि अँमीटर, समांतर व्होल्टमीटर, आणि लोड म्हणून लॅबमधला ४५ ओहमचा रिओस्टॅट.

आधी पूर्ण ४५ ओहम ठेवले. प्रवाह ०.४३ अँपिअर, व्होल्टेज १९.४. मी मामांकडे बघितलं, त्यांनी सरकपट्टीकडे बोट दाखवलं. २० ओहमच्या आसपास आणल्यावर व्होल्टेज १८.२, प्रवाह ०.९. अजून थोडं सरकवलं, साधारण १५ ओहम. आणि व्होल्टमीटरचा काटा एकदम पडला. सात, अकरा, आठ, असा नाचायला लागला. अडॅप्टरवरचा हिरवा दिवा मिचकावू लागला.

रविवारी रात्री त्या पोराने मला नेमकं हेच सांगितलं होतं.

तो शेजारीच उभा होता. काट्याकडे बघत म्हणाला, ‘‘म्हणजे दादा, टेलला पाणीच नाय.’’ त्याच्याइतकं नेमकं उत्तर मला व्हायव्हात कधी जमलेलं नाही. पुढची सगळी दारं बंद असताना कालवा काठोकाठ भरलेला दिसतो. सगळ्यांनी दारं उघडली की मग कळतं, पाणी खरं किती आहे ते. कालव्याच्या टोकाला राहणाऱ्या घरातल्या मुलाला हे शिकवावं लागत नाही.

आता गणित बघा. डिजिटल मल्टिमीटरचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम असतो. १९.५ व्होल्टला तो अडॅप्टरकडून जेमतेम दोन मायक्रोअँपिअर घेतो. चालू होताना लॅपटॉप मागतो दीड ते दोन अँपिअर. दोन मायक्रो आणि दोन अँपिअर यांत दहा लाख पटींचा फरक आहे. मीटर खोटं बोललं नव्हतं. आम्ही त्याला भलताच प्रश्न विचारला होता.

सरांच्या कपाटात त्याच पिनचा आणि त्याच व्होल्टेजचा एक जुना अडॅप्टर निघाला. लावला, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, स्क्रीनवर चिन्ह आलं. कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. पोरगा फोन घेऊन लॅबबाहेर पळाला. खिडकीतून त्याचा आवाज येत होता, ‘‘आई, शेळी राहू दे. नको, नको म्हणतोय ना. राहू दे.’’

अडॅप्टर का कमजोर झाला?

अडॅप्टरच्या आत आउटपुटला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. त्यांच्यातला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो, अंतर्गत रोध वाढतो, आणि लोड आला की पुरवठा कोसळतो. मग संरक्षण सर्किट त्याला बंद करतं, पुन्हा चालू करून बघतं, पुन्हा बंद करतं. दिवा मिचकावतो तो त्यामुळे.

या कपॅसिटरचा एक ढोबळ नियम आहे. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. समजा, कपॅसिटरवर १०५ अंश आणि २००० तास असं लिहिलंय. तो ७५ अंशांवर राहिला तर साधारण १६,००० तास टिकेल. ९५ अंशांवर राहिला तर फक्त ४,०००. रोज बारा तास धरले तर पहिला साडेतीन वर्षांहून जास्त चालतो, दुसरा अकरा महिने. हे पोरगं उन्हाळ्यात अडॅप्टर उशीखाली ठेवून अभ्यास करायचं. आपल्याकडचा एप्रिल-मे, वरून कापसाची उशी, आत ६५ वॉटचा अडॅप्टर. तुमचा अडॅप्टर आत्ता कुठे आहे, जरा बघून या.

नवा अडॅप्टर घेताना व्होल्टेज तेच असलं पाहिजे. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी नाही. जास्त अँपिअरचा अडॅप्टर लॅपटॉप जाळतो हा गैरसमज आहे, कारण प्रवाह किती घ्यायचा ते लॅपटॉप ठरवतो. पिनचं माप आणि ध्रुवता जुळली पाहिजे. काही कंपन्यांच्या अडॅप्टरमध्ये मधली बारीक सुई ओळख पटवण्यासाठी असते. ती ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज होत नाही किंवा वेग कमी होतो. आमच्या मित्राला अकराशे रुपयांत नवा अडॅप्टर मिळाला.

अडॅप्टर खरोखर चांगला असेल तर?

तर चालत पुढच्या दाराकडे जायचं.

डीसी जॅक: पिन हलवल्यावर चार्जिंगचा दिवा ये-जा करतो का? सोल्डर तडकलेला असतो किंवा जॅक सैल झालेला असतो. दुरुस्ती तुलनेने स्वस्त.

पॉवर बटण: बटणाची चपटी केबल निसटलेली किंवा बटण झिजलेलं असतं. पाटकऱ्याला हाकच ऐकू जात नाही.

बोर्डवरचा सीआर२०३२ सेल: तीन व्होल्टचा. तो संपला तर सहसा फक्त घड्याळ आणि सेटिंग विसरलं जातं, पण काही जुनी मॉडेल सुरू व्हायलाही त्रास देतात. बदलायला खर्च किरकोळ.

काळी स्क्रीन: अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट गेला, लॅपटॉप जिवंत आहे. बाहेरचा मॉनिटर किंवा वर्गातला प्रोजेक्टर जोडून बघा.

दोन सेकंदांत बंद: पंखा अडकलाय का, जाळीत धूळ साचलीय का बघा. गळीत हंगामात रस्त्याची धूळ खोलीत किती येते, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

चहा सांडला असेल: त्या क्षणी अडॅप्टर आणि बॅटरी काढा, लॅपटॉप उलटा करा, आणि ‘चालतोय का’ म्हणून बटण दाबू नका. साखरेचा चहा नुसता वाळवून भागत नाही, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून घ्यावा लागतो.

एवढं करूनही शांतता असेल तर मात्र बोर्डवरच्या लाइन मोजाव्या लागतात. ते काम जाणकाराकडे द्या. पण जाताना कोणकोणत्या पायऱ्या झाल्या ते कागदावर लिहून न्या. त्याचा वेळ वाचतो, तुमचे पैसे वाचतात, आणि समोरच्यालाही कळतं की हे गिऱ्हाईक विचार करून आलंय.

हे करू नका

अडॅप्टर फोडून आत हात घालू नका. आतल्या मुख्य कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. रिओस्टॅटचा प्रयोग लॅबमध्ये, सरांच्या समोरच करा. ३०-४० वॉट उष्णता काही सेकंदांत हात भाजते.

फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. टचपॅड वर आल्यासारखा वाटला तरी तो बॅटरी फुगल्याचा इशारा असू शकतो. ती कचऱ्याच्या डब्यात टाकायची नसते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि बॅटरी कचऱ्यासाठी २०२२ मध्येच वेगळे नियम आले. अधिकृत संकलन केंद्रातच द्या.

तीन पिनच्या प्लगची अर्थची पिन कापू नका. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला मुंग्या आल्यासारखं वाटतं, ते बऱ्याचदा अर्थिंग नसल्यामुळे.

बोर्डची चिप हीट गनने भाजून ‘चालू करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून जपा. जुना कथील-शिशाचा सोल्डर १८३ अंशांना वितळायचा. १ जुलै २००६ पासून युरोपात शिशावर बंधन आलं आणि जगभरातल्या उत्पादनात शिसेविरहित सोल्डर रुळला. तो साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळतो. अंदाजाने दिलेल्या उष्णतेने चिप काही दिवस चालल्यासारखी वाटते, पण बोर्डचं आयुष्य मात्र कमी होतं.

शेवटी

त्या आठवड्यात मी तीन गोष्टी वहीत लिहून ठेवल्या. एक, रुग्णाचं बोलणं पूर्ण ऐकायचं. दोन, ज्या कामासाठी वस्तू आहे त्या कामाला लावूनच ती तपासायची. तीन, कारण हातात आल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. ‘अजून सापडलं नाही’ असं म्हणायला लाज वाटू द्यायची नाही, कारण आपल्या एका वाक्यावर कोणाच्या तरी घरी निर्णय होत असतो.

आता आमच्या मजल्यावर एक पत्र्याची पेटी आहे. सोडून गेलेल्या सीनिअर्सचे चालू अडॅप्टर त्यात ठेवले आहेत, प्रत्येकावर व्होल्ट, अँपिअर आणि पिनचं माप लिहिलेली चिठ्ठी आहे. लॅपटॉप ‘गेला’ की आधी पेटी उघडायची, मग फोन करायचा, असा नियम केला आहे. तुमच्याकडे जुना अडॅप्टर पडून असेल तर आणून द्या. मात्र लोड देऊन तपासूनच पेटीत ठेवला जाईल, ही मामांची अट आहे.

त्या मुलाचं सबमिशन गुरुवारी वेळेवर झालं. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आला तेव्हा त्याने मोबाईलवर एक फोटो दाखवला. शेळीला दोन करडं झाली आहेत.